न्हाणी ट्रॅप गळतोय, सगळी फरशी फोडायलाच हवी का?

प्रश्न : वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या खोलीच्या छतातून झिरपतं. मिस्त्री म्हणतो, पूर्ण फरशी काढावी लागेल. दुसरा मार्ग आहे का?
– एक गृहिणी, तिरोडा (जि. गोंदिया)

उत्तर : ताई, छिन्नी लावू देण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. बाथरूम दोन दिवस बंद ठेवूनही ओल वाढत असेल, तर दोष बहुधा नळाच्या पाइपात आहे. तसं नसेल तर जाळी काढा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या तोंडात घट्ट बसवा. त्याला दोरी बांधा, नाहीतर तो पाइपात जाईल. जाळीच्या बैठकीखालपर्यंत पाणी भरून पेन्सिलीने खूण करा आणि तासाभराने बघा.

पातळी तशीच राहिली, तर संशय फरशी आणि ट्रॅपच्या गळ्यामधल्या फटीवर. बहुतेक घरांत दोष इथेच सापडतो, कारण पीव्हीसीला सिमेंट नीट धरत नाही. फट खरवडा, पूर्ण वाळू द्या आणि इपॉक्सी ग्राउट भरा. पांढरं सिमेंट नको. पातळी उतरली आणि गळ्याला चीर दिसली, तर पॉलिश पेपरने घासून इपॉक्सी पुट्टी दाबा.

ट्रॅपच्या पुढचा पाइप गळत असेल आणि तो स्लॅबखाली लटकता असेल, तर खालूनच कापून कपलरने नवा जोड देता येतो. ट्रॅपचा तळच फुटला असेल, तर मात्र फोडणं टळत नाही. तेही आजूबाजूच्या दोन-चार फरश्यांपुरतंच.

आपल्याकडे पावसाळ्यात ओल हटत नाही, म्हणून हे काम उन्हाळ्यात करा. भरल्यावर 24 तास पाणी टाकू नका.