सही करण्यापूर्वी

आमच्या रात्रीच्या वर्गाला वर्तकनगरातील एक बाई येतात. मागे त्यांच्या सोसायटीची सभा भरली. गच्चीवर सौर वीज घ्यावी, असा विषय होता. एक दलाल कागद घेऊन आला. तो म्हणाला, “सगळे पैसे सरकार देते. तुम्ही फक्त सही करा.”

लोकांनी पेने काढली. या बाईंनी मात्र कागद मागून घेतला. ओळीवर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. कोणी म्हणाले, “काकू, आटपा आता!” पण तळाशी एक ओळ होती. ती बाईंनी मोठ्याने वाचली: ‘अनुदान न मिळाल्यास पूर्ण रक्कम सोसायटीने भरावी.’

सभा गप्प झाली. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हांला विचारले, “गुरुजी, मग सरकार पैसे देते हे खोटे का?”

खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. कसे ते पाहू.

सौर विजेसाठी सरकार दोन रीतींनी मदत करते. सरकार कर कमी घेते, त्याला सूट म्हणतात. सरकार पदरचे पैसे देते, त्याला अनुदान म्हणतात.

आधी सूट पाहू. ठाणे महापालिकेने सौर बंब बसवणाऱ्यांना घरपट्टीत सूट देऊ केली होती. आज ती किती मिळते, हे प्रभाग समितीच्या कचेरीत विचारावे. सौर पॅनेलवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला.

आता अनुदान. ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात स्वतःच्या छपरावर पॅनेल बसवणाऱ्या घराला पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये ठरले. बेरीज करा: ७८,००० रुपये. त्याहून जास्त नाही.

पण आपल्या इमारतीची गच्ची एकट्याची नसते, सगळ्यांची असते. सोसायटीचा दर वेगळा आहे. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे अशा सामाईक विजेसाठी दर किलोवॉटला १८,००० रुपये. १० किलोवॉट घेतले तर १,८०,००० रुपये.

आता मुख्य गोष्ट. हे पैसे आधी मिळत नाहीत. आधी अर्ज करावा लागतो. मग योजनेत नोंदलेल्या विक्रेत्याकडून पॅनेल बसते. महावितरणचे लोक तपासणी करतात. नवा मीटर लागतो. त्यानंतर अनुदान बँकेच्या खात्यात येते. तोवरच्या खर्चाची सोय आपणच करायची असते. बाकीचा खर्चही आपलाच.

आणखी एक ध्यानात ठेवा. सवलत मिळाली म्हणजे वीज मिळाली, असे नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे सातारा जिल्ह्यात वांकुसावड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या काळी पवनचक्कीची सारी किंमत कंपनीला पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येई. कर वाचे. चक्की किती फिरली, हे त्या सवलतीत कोणी विचारीत नसे. पुढे डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने दुसरी वाट काढली: तयार झालेल्या दर युनिटमागे ५० पैसे.

आपणही तसाच हिशेब ठेवावा. चांगल्या उन्हात १ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते. शेजारच्या उंच इमारतीची सावली पडली किंवा धूळ साचली, तर वीज कमी होते. म्हणून दर महिन्याला मीटर वाचा.

बाईंच्या सोसायटीने पुढे तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. ती वाचून दाखवण्याचे काम सभेने बाईंनाच दिले.

प्रश्न
१. सूट आणि अनुदान यांत फरक काय?
२. १५ किलोवॉटला सोसायटीस किती अनुदान मिळेल?
३. सही करण्यापूर्वी तुम्ही कागदात काय काय पाहाल? पाच ओळी लिहा.