होडीची तयारी

कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे देवबाग हे गाव आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्लीचे पात्र आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी! अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसांचे आयुष्य होडीशी बांधलेले असावे, यात नवल ते काय?

मृग नक्षत्र लागले आणि नैर्ऋत्येचे वारे उसळू लागले, की लहान होड्यांना समुद्र वर्ज्य होई. मग दहा-वीस माणसे मिळून होडी वाळूवरून वर ओढीत, लाकडांवर टेकवीत आणि तिच्यावर झापांचे छप्पर घालीत. शीड धुऊन, वाळवून घरात ठेवीत. ही रीत फार जुनी आहे. समुद्र खवळण्यापूर्वीच आरमाराने सुरक्षित बंदरी जाऊन छावणी करावी, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही सांगितले आहे.

शिडाच्या होड्यांच्या काळातील ही गोष्ट. श्रावण अर्धा सरत आला होता. एका वृद्ध तांडेलाने आपल्या होडीवरील झाप काढले. त्याचा बारा वर्षांचा नातू शेजारी उभा होता. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. समुद्राला नारळ अर्पण केल्यावर सर्वांबरोबर आपलीही होडी पाण्यात जावी, म्हणून तो उतावीळ झाला होता.

“आजोबा, होडी तर चांगली दिसते. आता शीड चढवायचे ना?” त्याने विचारले.

“होडी दिसते कशी, हे आपण पाहतो, ती आहे कशी, हे समुद्र पाहतो,” आजोबा हसून म्हणाले. “आधी शिवण तपास.”

ती होडी शिवलेली होती. रापणीचे जाळे वाहून नेणाऱ्या अशा होड्यांत फळ्या खिळ्यांनी जोडीत नसत. फळ्यांच्या कडांना भोके पाडून, सांध्यावर काथ्याच्या वळ्या ठेवून त्या सुंभाने घट्ट शिवीत. लोखंड खाऱ्या पाण्याने गंजते. सुंभ गंजत नाही. शिवाय लाटेबरोबर होडी वाळूवर आदळली, तर शिवण थोडी लवते आणि फळ्या फुटत नाहीत. मात्र सुंभही कधीतरी कुजतोच. म्हणून दरवर्षी शिवण पाहावी लागे.

दोन दिवस दोघे काम करीत होते. तळाला चिकटलेले शिंपले त्यांनी खरवडून काढले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची भोके शोधली. उन्हाने सुकून फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. त्यांत काथ्या ठासून वर राळ व तेल यांचे मिश्रण लावले. बाहेरून माशांच्या तेलाचा हात दिला. शीड वाळूवर पसरून त्याची उसवलेली कड शिवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपत आले.

नातू शेवटचा सांधा अंगठ्याने दाबून पाहत होता. नाळेजवळ त्याचा अंगठा किंचित आत रुतला. वरून सुंभ धडधाकट दिसत होता. आतून मात्र तो मऊ झाला होता. मुलाच्या मनात आले, ‘बोललो, तर हा सारा सांधा उसवावा लागेल. मग पौर्णिमेला आपली होडी काठावरच राहील. इतकेसे तर आहे!’ तो क्षणभर गप्प राहिला. मग त्याला आठवले, की या होडीत सात माणसे बसतात.

“आजोबा, येथे सुंभ दबतो आहे,” तो हळूच म्हणाला.

आजोबांनी तेथे बोट लावले आणि काही न बोलता कोयती उचलली. सांधा उसवला गेला. आतील काथ्या हाताला लागताच चुरगळला.

पौर्णिमेला इतर होड्या पाण्यात गेल्या. नातू काठावर बसून नवा सुंभ ओढून धरीत होता आणि आजोबा टाके घालीत होते. चौथ्या दिवशी होडी पाण्यात लोटली. पाणी पिऊन फळ्या फुगल्या, सांधे आवळले गेले. आजोबांनी तळावरून हात फिरवला. तो जवळजवळ कोरडा होता.

पुढे हिवाळा आला. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी जमीन तापली, की खारे वारे उलट दिशेने येतात. मतलईवर शीड उभारून होडी बाहेर जाई आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी परते. नाळेजवळचा तो सांधा कोणाच्याही नजरेस पडत नसे. पण सात माणसे त्याच्या भरवशावर घरी येत.

आज देवबागला यंत्रावर चालणाऱ्या होड्याच अधिक दिसतात. शिडे जवळजवळ गेली आणि लाकडाची जागा बहुधा फायबरने घेतली. तरी पावसाळ्यानंतर होडी तपासूनच पाण्यात लोटावी, हा नियम बदललेला नाही.

शब्दार्थ : तांडेल – होडीवरील प्रमुख, झाप – माडाच्या पात्यांचे विणलेले तट्टे, सुंभ – काथ्याची दोरी, नाळ – होडीचे पुढील टोक, रापण – किनाऱ्यावरून ओढण्याचे मोठे जाळे.

अभ्यास
१. शिवलेल्या होडीचे कोणते फायदे पाठात सांगितले आहेत?
२. नातू क्षणभर गप्प का राहिला? मग तो का बोलला?
३. मतलई वारे व खारे वारे यांचा होडीला कसा उपयोग होई?
४. ‘सुंभ जळेल, पण पीळ जळणार नाही’ या म्हणीचा अर्थ सांगा.