फ्री सीट कव्हर आणि कमरेची किंमत

नव्या गाडीबरोबर शोरूमवाले बरंच काही ‘फ्री’ देतात. मॅट, मड फ्लॅप, डॅशबोर्डवरचा गणपती आणि जाड फोमची, चौकटी शिलाईची लेदरेट सीट कव्हरं. गणपतीबद्दल प्रस्तुत लेखकाची काहीही तक्रार नाही.

टेस्ट ड्राइव्हला कंबर अजिबात कुरकुरली नव्हती. सेल्समनचा सगळा जोर सनरूफवर होता, सीटबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. डिलिव्हरीच्या दिवशी गाडी कव्हरं चढवूनच समोर आली, आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-चिपळूण प्रवासात त्रास सुरू झाला. पेणच्या पुढे डाव्या कुल्ल्यात बारीक कळ यायची. माणगावच्या कोंडीत क्लच दाबून दाबून ती पोटरीपर्यंत उतरायची. महाडला चहासाठी थांबलं की आधी दार धरून उभं राहायचं, मग पाऊल टाकायचं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडत चाललं होतं, त्यामुळे सुरुवातीला सगळा दोष रस्त्याला देऊन झाला.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा तरुण लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणाला, “सीटमध्ये काही प्रॉब्लेम नाही सर. कमरेचा एक एक्स-रे काढून घ्या ना.” मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. एक्स-रे काढला. त्यात वयाला शोभेल एवढंच दिसलं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी गोळ्या आणि पट्टा दिला. गोळ्या संपल्या की कळ पुन्हा हजर.

उलगडा झाला तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये. एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “गाडी खालीच आहे ना? चला, बसून दाखवा.” लेखक बसला. त्यांनी कमरेमागे हात सरकवला, तो आरपार गेला. मग कव्हर दाबून पाहिलं. कंपनीच्या सीटला कमरेपाशी नेमका हवा तेवढा उंचवटा होता, पण त्याच्या वर-खालचा खोलगट भाग कव्हरच्या फोमने भरून काढला होता. पाठ एका सपाट फळीला टेकल्यासारखी होती. बैठकीच्या पुढच्या कडेचा फोम इतका फुगलेला की मांडीची मागची बाजू दाबली जात होती. मॅडमनी दाराच्या बाजूचं इलॅस्टिक ओढलं आणि त्या थबकल्या. आत सीटच्या कडेला शिवलेली छोटी कापडी पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं : एअरबॅग.

सीटमधली साइड एअरबॅग त्या कडेची शिवण फाडून क्षणार्धात बाहेर येते. वर जाड, घट्ट कव्हर असेल तर तिची वाट अडते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये तसा इशारा छापलेला असतो. शोरूमला फोन केल्यावर उत्तरही तेच मिळालं : “मॅन्युअलमध्ये आहे सर.” मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होतं आणि कव्हर त्यांच्याच वर्कशॉपमध्ये, त्यांच्याच माणसाने चढवलं होतं. वर त्यांनी ‘प्रीमियम’ कव्हर बदलून देण्याची तयारी दाखवली. ते आधीच्यापेक्षा जाड होतं.

कमरेच्या आधाराचा मुद्दा हा चोचल्याचा नाही. आल्फ नॅकेमसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञाने १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. आधाराविना बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. नंतरच्या काही मोजण्यांत हा फरक तेवढा आढळला नाही. पण १९७०च्या दशकात नॅकेमसन यांच्याच सहकाऱ्यांनी दाखवलं की पाठ थोडी मागे कलती ठेवली आणि कमरेला आधार दिला की दाब घटतो. गाडीत वरून हादऱ्यांची भर पडते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ कंपनांना सर्वाधिक साथ देतो, आणि खराब रस्त्यावरच्या गाडीचे हादरे याच्या आसपासचेच असतात.

तर, जाड कव्हर असेल तर पहिलं ते काढा. सीटवर एअरबॅगची पट्टी असेल तर पातळ कव्हरही त्या मॉडेलसाठी कंपनीने मान्य केलेलंच घ्या. मग कुल्ले अगदी मागे टेकवून बसा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ १०० ते ११० अंशांत ठेवा. काटकोनात ताठ बसणं फोटोपुरतं. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं. सीट वर-खाली होत असेल तर ती एवढी उचला की कुल्ले गुडघ्यांपेक्षा खाली राहणार नाहीत. कमरेला आधार कमी वाटला तर हात पुसायचा टॉवेल गुंडाळून पॅन्टच्या पट्ट्याच्या जरा वर ठेवा. खांदे सीटपासून सुटायला लागले तर गुंडाळी जाड झाली असं समजा. दुकानातल्या मेमरी फोमच्या उशा उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतात, आधार उरत नाही.

मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. १९७८ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात क्रेडिट कार्डांनी फुगलेल्या पाकिटामुळे होणाऱ्या सायटिकावर लिहून आलं होतं. दीड-दोन तासांनी उतरून चाला. व्यायाम, वजन वगैरे सगळे सांगतातच.

पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर टॉवेल, फिजिओ काही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि नवी गाडी घेणार असाल तर बुकिंग फॉर्मवर ‘सीट कव्हर नको’ असं लिहून सही घ्या. “फ्री आहे सर, राहू द्या,” असं ते म्हणतीलच. डिकीत टाकायला सांगा.