दारू सुटली, आता बसायचे कोणाजवळ?

करमाळ्यात दारूचा प्रश्न घेऊन डॉक्टरकडे सहसा पिणारा स्वतः येत नाही. त्याची आई, बायको किंवा थोरला भाऊ येतो. अलीकडे प्रश्नही बदलला आहे. पूर्वी लोक माझ्याकडे दारू सुटायचे औषध मागत. आता म्हणतात, "औषध झाले, महिनाभर केंद्रात ठेवले, चांगला होऊन आला आणि पोळ्याला पुन्हा सुरू झाला. आता काय करायचे?" आजच्या लेखात या दुसऱ्या प्रश्नाचाच विचार करू.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे आता बहुतेक वाचकांना ऐकून माहीत असते. पण त्याचे दोन भाग असतात, हे फारसे कोणी सांगत नाही. पहिला भाग शरीराचा. रोज पिणाऱ्याची दारू बंद झाली की हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. आठ-दहा दिवसांत हे योग्य औषधांनी आटोक्यात येते. दुसरा भाग मनाच्या ओढीचा. ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. उसाचे बिल हातात पडले, जत्रेला पाहुणे आले, लग्नाच्या वरातीत बँड वाजू लागला, की ती डोके वर काढते. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या जरूर घ्याव्यात. पण संध्याकाळी सात वाजता पारावर बसायचे नाही, मग बसायचे कोठे आणि कोणाजवळ, याचे उत्तर गोळीजवळ नसते.

पुढे जाण्यापूर्वी एक इशारा. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन एका दिवसात घरच्या घरी दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होणे, माणसे न ओळखणे, ताप चढणे असा प्रकार होऊन जीवही जाऊ शकतो. "बाहेरची बाधा झाली" म्हणून अशा रुग्णाला देवऋषाकडे नेऊ नका, थेट रुग्णालयात न्या. चोरून भाजीत कालवायच्या पुड्याही टाळा. त्यांत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि दारू नकोशी करणारे खरे औषध त्यांत असेलच, तर वर दारू प्यायल्यावर रक्तदाब एकदम उतरून माणूस दगावण्याचा धोका असतो.

आता मूळ प्रश्नाकडे. ज्याची दारू सुटली आहे, त्याला दारू सुटलेल्याच माणसांची सोबत लागते, हे एका पिणाऱ्यानेच शोधून काढले. १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतील ॲक्रन या परक्या गावी गेला होता. त्याला दारू सोडून थोडेच महिने झाले होते. काम फिसकटले आणि हॉटेलच्या बारमधले आवाज कानावर येऊ लागले. त्याने बारमध्ये न जाता तेथल्या चर्चच्या धर्मगुरूंना एकामागून एक फोन लावले. "मला बोलायला एखादा दारुडा मिळवून द्या," एवढीच त्याची मागणी होती. अशा खटपटीने त्याची डॉ. बॉब स्मिथ या दारूत बुडालेल्या शल्यचिकित्सकाशी गाठ पडली. दोघे तासन् तास बोलत बसले. डॉ. बॉबने १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला आणि तोच दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे आपल्याकडच्या बोलीत ए.ए., या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. बिलला त्या संध्याकाळी उपदेश करणारा नको होता, आपल्यासारखाच हवा होता, हे या हकिगतीत ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतात ए.ए.चे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले. पुढे पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. व्यसनातून बाहेर पडलेले कितीतरी जण तेथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. समोरच्याची थाप त्यांना पहिल्या वाक्यात कळते, कारण ती त्यांनी स्वतः मारलेली असते. ए.ए. हे केंद्र नव्हे आणि मुक्तांगण ही ए.ए. नव्हे, पण या एका गोष्टीवर दोघांचा सारखाच भर आहे.

ए.ए.ची बैठक असते तरी कशी? तास-दीड तासाची. एखाद्या शाळेच्या खोलीत किंवा सभागृहात दहा-पंधरा माणसे जमतात. एक जण पहिले नाव सांगतो, मी मद्यपी आहे असे म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही, हजेरी घेत नाही. फी नाही, खर्चासाठी पिशवी फिरते, तीत ऐच्छिक पैसे टाकायचे. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. जन्मभराची शपथ कोणी घ्यायला लावत नाही, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच ठरवायचे. दारू सोडल्याला एक वर्ष झाले की वाढदिवस साजरा होतो. पन्नाशीचे गृहस्थ आपला 'पहिला वाढदिवस' सांगताना ढसाढसा रडतात.

यात औषध कोठे आहे, असे कोणी विचारील. २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास, म्हणजे दहा हजारांहून अधिक रुग्ण, एकत्र तपासले. रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून देणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, समुपदेशनाच्या इतर मान्य पद्धतींपेक्षा सरस ठरले. मीही आधी हे सारे भजनी मंडळासारखे समजत होतो. आजही समजतो, पण आता तो शब्द मी कौतुकाने वापरतो. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेले लोक गावोगाव आहेत. त्यांतले कोण टिकले ते पाहा. एकादशीला भजनात बसणारे, दिंडीत चालणारे बहुतेक टिकले. माळ घालून पुन्हा जुन्याच पारावर जाऊन बसलेल्यांनी ती खुंटीला टांगली. ए.ए. कोणत्याही धर्माची नाही. तीत ईश्वराचा उल्लेख येतो तो ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणे. सोबतीचे तत्त्व मात्र तेच.

आता अडचण. पुण्यात रोज कोठे ना कोठे बैठक असते, तालुक्याच्या गावी तशी पाटी दिसत नाही. नाव गुप्त ठेवणे हा संघटनेचा नियमच असल्याने जाहिरातही नसते. मग शोधायचे कसे?

सर्वांत सोपी वेळ म्हणजे केंद्रातून किंवा रुग्णालयातून घरी सोडतात तो दिवस. त्या दिवशी नातेवाईक बिल आणि गाडी यांतच गुंतलेले असतात. तेथल्या समुपदेशकाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका: आमच्या भागात तुमचा पाठपुराव्याचा मेळावा कोठे भरतो, आणि आमच्या तालुक्यातला, तुमच्याकडून बरा होऊन गेलेला, स्वतःहून मदत करायला तयार असलेला कोणी आहे का? दुसऱ्याचा नंबर ते परस्पर देणार नाहीत, देऊही नये. पण तुमचा नंबर त्याला कळवू शकतात.

ती वेळ निघून गेली असेल तर फोन उचला. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस हा १४४१६ क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तेथे "जवळची बैठक कोठे आहे" असा नेमका प्रश्न विचारा. सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलात तर डॉक्टरांबरोबर तेथल्या समाजसेवकालाही भेटा; ही माहिती बहुधा त्याच्याकडे असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळाल्याचे दिसले. तेव्हा मिळालेली ओळख जपून वापरावी.

बैठक परगावी निघाली तर आपल्याकडे घोडे अडते ते एस.टी.वर. बैठका बहुधा संध्याकाळच्या, आणि संपेपर्यंत परतीची शेवटची गाडी निघून गेलेली असते. म्हणून रविवारची, दिवसाची बैठक आहे का हे आधी विचारून घ्या. जेऊर स्टेशनवरून एकीकडे कुर्डुवाडी-सोलापूर आणि दुसरीकडे दौंड-पुणे हा रेल्वेचा रस्ता मोकळा आहे. महिन्यातून दोनदा गेले तरी चालते. मधल्या दिवसांत फोनवरच्या बैठका आहेत. करोनाच्या काळात, म्हणजे २०२० पासून, त्या खूप वाढल्या. रानात केळीच्या बागेत बसूनही त्या ऐकता येतात. तरीही समोरासमोर बसण्याची सर फोनला नाही, असे माझे मत आहे.

"गावात सगळ्यांना कळेल" ही भीती पुष्कळांना असते. मुंबईत पहिले नाव सांगून माणूस लपतो, आपल्याकडे चपलेवरून ओळखतात. पण पूर्वी स्टँडवर पडलेला असताना साऱ्या गावाने पाहिलेच होते, मग सोडतो आहे हे कळले तर बिघडले काय? तरीही कोणाला संकोच वाटत असेल तर त्याने खुशाल शेजारच्या तालुक्यातली बैठक धरावी. आणि बैठकीत ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा नियम लहान गावात दुप्पट कडकपणे पाळावा लागतो. एकदा चहाच्या टपरीवर कोणाची गोष्ट फुटली की तो गट संपला.

काहीच सापडले नाही तर? ॲक्रनला सुरुवातीला दोघेच होते. दारू सोडून वर्ष-दोन वर्षे झालेला एखादा तरी माणूस प्रत्येक मोठ्या गावात असतो आणि तो कोण हे सर्वांना माहीत असते. त्याच्याकडे जा. वार, वेळ, जागा ठरवा आणि ती बदलू नका. जागा कोणाचे घर नसावे आणि जाता-येता परमिट रूम लागू नये. ए.ए.च्या मुंबईतील कार्यालयाकडे मराठी पुस्तिका मागता येतात. पिऊन आलेल्याला हाकलू नका, फक्त त्या दिवशी बोलू देऊ नका.

तो मुळात यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी त्याची वाट पाहत बसू नये. बायका आणि नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' ही वेगळी संघटना आहे, मुक्तांगणचा पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. त्याची दारू लपवणे, उधारी फेडणे, मुकादमाशी त्याच्या वतीने खोटे बोलणे थांबवायचे कसे, हे तेथे त्याच वाटेने गेलेल्या बायका सांगतात. स्वतः पिणाऱ्या स्त्रियाही असतात. त्यांनी पुरुषांच्या बैठकीला एकटे जावे असा आग्रह नको, स्त्रियांच्या बैठकीची चौकशी करावी.

आपल्या भागापुरती शेवटची सूचना हंगामाची. दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की माणसे फडात, वाहतुकीवर, पाळीवर जातात आणि नव्याने जमलेला गट तेव्हाच मोडतो. म्हणून गळीत सुरू होण्यापूर्वीच कोणी कोणाला कोणत्या वेळी फोन करायचा याची जोडी लावून ठेवा. वहीतल्या नंबराशेजारी तो माणूस कोणत्या पाळीला जागा असतो, तेही लिहून घ्या.