स्लो कुकरमधले बार्बेक्यू चिकन : कामाच्या दिवसासाठी अनुभवाचे बोल

स्लो कुकरमध्ये केलेले बार्बेक्यू चिकन हा अमेरिकेतल्या नोकरदार घरांचा कामाच्या दिवशीचा हमखास बेत आहे. सकाळी चिकन आणि सॉस भांड्यात घालायचे, बटण फिरवायचे आणि संध्याकाळी मांस काट्याने मोकळे करून पावात भरून वाढायचे, एवढीच त्याची कृती सांगितली जाते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हा बेत रुळला आहे. कृती सोपी असूनही पदार्थ बिघडतो, आणि अनुभव असा की बिघडण्याची कारणे बहुधा तीनच असतात. भांडे फार हळू तापते, त्यातले पाणी बाहेर जात नाही आणि ऑफिसचा दिवस चिकन शिजायला लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठा असतो. या तिन्ही गोष्टी आधीच लक्षात घेऊन तयारी केली तर हे जेवण चवीलाही उतरते आणि निर्धोकही राहते.

हे उपकरण मुळात चिकनसाठी घडवलेले नव्हते. शिकागोचे संशोधक आयर्व्हिंग नॅक्सन यांनी १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते मंजूर झाले. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य आणि मांसाचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवत आणि शनिवारी जेवायला काढत. आईकडून ऐकलेल्या या प्रथेवरून नॅक्सन यांना कल्पना सुचली. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे भांडे बाजारात आणले. वाल-घेवड्यासारखी कडधान्ये आणि चिवट मांस दिवसभर मंद आचेवर ठेवले तर मऊ पडते, हे त्यामागचे तत्त्व. आजचे ब्रॉयलर कोंबडीचे मांस मुळातच कोवळे असते. त्याला इतका वेळ लागत नाही आणि सोसतही नाही.

स्लो कुकरमध्ये चिनी मातीचे जाड भांडे एका बाहेरच्या आवरणात बसते आणि त्या आवरणातली कॉइल भांड्याला तापवते. घरगुती आकाराच्या कुकरला साधारण २०० ते ३०० वॅट वीज लागते, म्हणजे उष्णता थोडी आणि तीही सावकाश मिळते. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. इथे ते उकळबिंदूच्या जरा खालीच राहते. बहुतेक कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ ही दोन्ही बटणे शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोहोचतात; फरक पडतो तो तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळात. ‘वॉर्म’ हे बटण शिजलेले अन्न गरम ठेवण्यापुरते आहे. त्यावर कच्चे चिकन कधीही शिजवू नये.

या सावकाश तापण्यातच पहिला धोका आहे. ४ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जिवाणूंच्या वाढीला पोषक असतो आणि अनुकूल स्थितीत त्यांची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. चिकन हा पट्टा जितक्या लवकर ओलांडेल तितके बरे. म्हणून फ्रीजरमधले गोठलेले चिकन थेट स्लो कुकरमध्ये घालू नये. आदल्या दिवशी ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावे. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर जिवाणू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. पहिला तासभर ‘हाय’वर ठेवून मग ‘लो’ करावे.

वेळ वाचवण्यासाठी रात्रीच सगळे भांड्यात भरून ते भांडे फ्रीजमध्ये ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मोडायला हवी. थंडगार भांडे तापायला जास्त वेळ घेते आणि अचानक उष्णता लागली तर चिनी मातीला तडाही जातो. चिकन एका डब्यात, सॉस दुसऱ्या डब्यात आणि भांडे बाहेर, अशी रात्रीची मांडणी केली की सकाळी पाच मिनिटांचेच काम उरते. कुकर उशिरा सुरू व्हावा म्हणून टायमर लावून कच्चे चिकन कित्येक तास ओट्यावर ठेवणेही तितकेच घातक आहे. घरी कोणी नसताना वीज गेली आणि ती किती वेळ नव्हती हे कळायला मार्ग नसेल, तर ते चिकन टाकून द्यावे, मग वरून ते शिजलेले का दिसेना.

चिकन शिजले की नाही हे रंगावरून ठरत नाही. हाडालगतचे मांस पुरते शिजूनही गुलाबी दिसू शकते आणि पांढरे पडलेले मांस आतून अर्धकच्चे असू शकते. सर्वांत जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसून ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट, दिसले की ते खाण्यास योग्य समजावे. या पदार्थासाठी तेवढा एक थर्मामीटर घरात असायलाच हवा.

दुसरी अडचण पाण्याची. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन पुन्हा भांड्यात पडते आणि चिकनचे स्वतःचे पाणी त्यात मिसळते. त्यामुळे सकाळी दाट असलेला सॉस संध्याकाळी पातळ आणि बेचव होतो. वरून पाणी किंवा स्टॉक घालण्याची गरज नसते. सॉस सुरुवातीला अर्धाच घालावा आणि उरलेला शेवटी, म्हणजे त्याची आंबट-गोड चव ताजी राहते. कॅन्सस सिटीच्या धाटणीच्या बार्बेक्यू सॉसमध्ये साखर आणि मोलॅसिस भरपूर असते. सगळा सॉस आधीच ओतला तर तो कडेला करपतो. झाकण वारंवार उघडू नये. दर वेळी इतकी वाफ निघून जाते की शिजण्याचा वेळ पंधरा ते तीस मिनिटांनी वाढतो. भांडे निम्म्याहून कमी किंवा दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये.

तिसरी अडचण वेळेची. कोंबडीच्या छातीच्या मांसात चरबी आणि कोलॅजन दोन्ही कमी असतात. ‘लो’वर तीन-चार तासांत ते शिजते, आठ-नऊ तास राहिले तर सॉसमध्ये बुडालेले असूनही कोरडे आणि दोऱ्यासारखे होते. मांडीच्या मांसातले कोलॅजन मंद उष्णतेने विरघळून त्याचे जिलेटिन होते, म्हणून ते ८० अंशांच्या पुढे गेले तरी मऊ राहते. कामाच्या दिवसासाठी मांडीचेच मांस घ्यावे. बिनहाडाच्या मांड्यांना ‘लो’वर चार ते पाच तास आणि हाडासकट मांड्यांना सहा तासांच्या आसपास लागतात. सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्यांनी ठरलेल्या वेळेनंतर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा कुकर वापरावा. तसा नसेल तर घरून काम असलेल्या दिवशी हा बेत करावा, किंवा रविवारी करून ठेवावा.

पाच-सहा माणसांसाठी एक किलो बिनहाडाच्या, कातडी काढलेल्या मांड्या पुरतात. सॉससाठी एक कप टोमॅटो केचप, पाव कप अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, पाव कप ब्राऊन शुगर, एक मोठा चमचा मस्टर्ड, एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस, दोन छोटे चमचे स्मोक्ड पॅप्रिका, चार लसूणपाकळ्या, मिरपूड आणि बेताचे मीठ एकत्र करावे. भांड्याच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या पसराव्यात, त्यावर मीठ-मिरपूड लावलेले चिकन आणि वर अर्धा सॉस घालावा. खरे बार्बेक्यू हिकरीसारख्या लाकडाच्या धुरात होते. इथे धूर नसतो, त्याची थोडी भरपाई स्मोक्ड पॅप्रिका करते.

चिकन शिजल्यावर ते बाहेर काढून दोन काट्यांनी मोकळे करावे. भांड्यातला रस कढईत ओतून मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत आटवावा. घाई असेल तर एक चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून लावावे. मग उरलेला सॉस घालून एक उकळी आणावी आणि त्यात चिकन घोळवावे. ओल्या, मंद उष्णतेत मांसाला खरपूसपणा येत नाही. तो हवा असेल तर चिकन ट्रेमध्ये पसरून ओव्हनच्या ब्रॉइलरखाली तीन-चार मिनिटे ठेवावे. सोबत बन आणि कोलस्लॉ ही तिथली पद्धत. पोळीत गुंडाळून, लिंबू पिळलेल्या कांद्याबरोबरही ते चांगले लागते.

उरलेले चिकन दोन तासांच्या आत उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. ते स्लो कुकरमध्ये पुन्हा गरम करू नये. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफाळेपर्यंत गरम करावे.

मराठी घरांसाठी आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. याच कुकरमध्ये राजमा करायचा असेल तर भिजवलेला राजमा, भिजवणीचे पाणी टाकून, आधी गॅसवर अर्धा तास खळखळून उकळावा. कच्च्या राजम्यातले विषारी लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि त्याने जोरदार उलट्या होतात. दुसरी गोष्ट, अमेरिकेतला कुकर १२० व्होल्टचा असतो. भारतात आणून तो २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडला तर कॉइल साडेतीन पटींहून अधिक वीज ओढते आणि जळते. प्लगचा आकार बदलणाऱ्या अडॅप्टरने व्होल्टेज उतरत नाही. कुकरच्या वॅटेजला पुरेसा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा, नाहीतर इथल्या व्होल्टेजचाच कुकर घ्यावा.