दुष्फेन पाणी आणि कुंडीतील अनंत

ज्या गावी विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि पाणी तापविण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर चढतो, त्या गावचे पाणी दुष्फेन समजावे. महाराष्ट्राच्या पठारावर अशी गावे पुष्कळ आहेत. पावसाचे पाणी मुळात सुफेन. परंतु काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार त्यात विरघळतात.

शेतजमीन दर पावसाळ्यात धुऊन निघते. ओसरीवरील कुंडीचे तसे नाही. तिला घातलेले पाणी काही झाड पिते, काही हवेत उडून जाते. क्षार मात्र मातीतच राहतात आणि त्यांत रोज भर पडते. कुंडीच्या काठावर उमटलेली पांढरी रेघ ही त्याचीच खूण होय.

अनंताच्या झाडाला हे फार जाचते. त्याला किंचित आम्ल माती मानवते. दुष्फेन पाण्याने ती आम्लता नाहीशी झाली, की मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरच्या माणसांना वाटते, पाणी कमी पडले. ती आणखी पाणी घालतात आणि झाड अधिकच खंगते! कोरफड किंवा कण्हेर हेच पाणी निमूटपणे सोसते.

अनंताला पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. पहिल्या सरींनी छपरावरची धूळ वाहून जाऊ द्यावी, मग पागोळ्यांखाली पिंप ठेवावे व डास होऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला फडके घट्ट बांधावे. पाणी उकळून निवविले तरी बराचसा चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी घ्यावे. नुसते रात्रभर ठेवलेल्या पाण्यातून क्लोरिन निघून जाईल, क्षार नव्हे.

अलीकडे पुष्कळ घरांत पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र असते. त्यातून वाया जाणारे पाणी कुंड्यांना घालतात. काटकसर म्हणून हे स्तुत्य दिसते; पण मूळ पाण्यातील बहुतेक क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्याने लादी पुसावी.

दुसरे पाणी मिळतच नसेल, तर महिन्यातून एकदा तळच्या छिद्रातून भरपूर वाहून जाईल इतके पाणी कुंडीला द्यावे आणि ताटलीत साचलेले फेकून द्यावे. त्याबरोबर क्षारही बरेच निघून जातात. पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही; नवी पालवी कोणत्या रंगाची फुटते, ते पाहावे.