परसबागेची आवराआवर : पावसाळ्यातून हिवाळ्याकडे

शीत कटिबंधातील देशांत हिवाळा म्हणजे परसबागेचा शेवट होय. दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडू लागले की टोमॅटो, काकडी, घेवडा यांच्या पेशींतील पाणी गोठते, पेशी फुटतात आणि एका रात्रीत पाने काळवंडून लोंबू लागतात. त्यामुळे तेथील लोक हिवाळ्यापूर्वी बाग आवरतात ती पुढील वसंतापर्यंत मिटून ठेवण्यासाठी. भारताच्या बहुतेक मैदानी भागांत मात्र या आवराआवरीचा अर्थ निराळा आहे. येथे एक बाग संपते त्याच जागेवर दुसरी आणि अधिक चांगली बाग उभी राहावयाची असते. रायपूर हे याचे उत्तम उदाहरण आहे.

रायपूरचा ऋतू आणि तेथील परस

रायपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंचीवर, महानदीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशात वसलेले आहे. जूनच्या मध्यास येणारा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत परततो. डिसेंबर व जानेवारी या महिन्यांत रात्रीचे तापमान सरासरी 13 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. दहिवर क्वचितच पडते. याच्या उलट, मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरी 42 अंशांच्या जवळ पोहोचते. भाजीपाल्याच्या दृष्टीने पाहता येथील खरा शत्रू उन्हाळा असून हिवाळा हा मित्र आहे. परंतु हा मित्र फार थोडे दिवस मुक्कामास असतो.

मराठीत ज्या जागेस परस म्हणतात तिलाच छत्तीसगढीत ‘बारी’ असे नाव आहे. 2019 साली छत्तीसगढ शासनाने ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ या नावाने जो कार्यक्रम हाती घेतला, त्यात ओढा, गोधन व खताचा खड्डा यांच्या जोडीला बारीलाही स्थान दिले होते, यावरून ग्रामीण संसारातील तिचे महत्त्व ध्यानात येईल. पावसाळ्यात या बारीत दुध्या, दोडका, कारले, काकडी, भेंडी, चवळी, अंबाडी व लाल माठ यांची गर्दी असते. दसऱ्याच्या सुमारास मांडवावरील वेल पिवळे पडू लागतात, भेंडीची झाडे उंच व निबर होतात आणि फळे वेडीवाकडी येऊ लागतात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे सुमारे तीन आठवडे हाच आवराआवरीचा काळ होय.

हा काळ दवडला तर काय होते? वाटाण्याच्या लवकर येणाऱ्या जातीस पेरणीपासून पहिल्या तोडणीपर्यंत सुमारे दोन महिने लागतात. ऑक्टोबरअखेर पेरलेला वाटाणा जानेवारीच्या थंडीत शेंगा देतो. तोच डिसेंबरच्या अखेरीस पेरला तर त्याची बहुतेक फुले व शेंगा मार्चच्या तोंडाशी येतात आणि तेव्हा दुपारचा पारा तिशी ओलांडून गेलेला असतो. इतक्या उष्णतेत वाटाण्याची फुले गळतात व दाणा भरत नाही. कोथिंबीर व पालकही पाने देण्याऐवजी तुऱ्यावर जातात. म्हणून दोन-चार उरलेल्या दोडक्यांच्या आशेने जुना मांडव महिनाभर तसाच ठेवणे हे महागात पडते.

झाड का मेले, हे आधी पाहावे

जुनी झाडे काढताना सर्वांस एकच न्याय लावू नये. प्रत्येक झाड कशाने संपले हे पाहून त्याची विल्हेवाट ठरवावी. काही झाडे केवळ वय होऊन संपतात. त्यांचे सांगाडे निर्धास्तपणे खतात घालावेत. काही रोगाने वा किडीने मरतात आणि त्यांच्याबाबत तो रोग पुढील पिकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हे जाणून घेणे अगत्याचे असते.

भेंडीवरील हळद्या रोग हे पहिले उदाहरण. यात पानांच्या शिरा पिवळ्या होऊन त्यांची जाळी दिसू लागते. हा रोग विषाणूमुळे होतो व पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. या विषाणूस जिवंत झाडच लागते. झाड वाळले की तोही नष्ट होतो. तेव्हा रोगट भेंडी उपटून, उन्हात पूर्ण वाळवून खताच्या ढिगात घातली तरी चालते. धोका असतो तो उपटावयाचे राहून गेलेल्या हिरव्या झाडापासून. त्यावर पांढरी माशी पोसली जाते आणि तेथून ती हिवाळी टोमॅटोवर उतरून त्यावरील दुसऱ्या विषाणूंचा प्रसारही करू शकते.

दुसरे उदाहरण फळमाशीचे. ही माशी कारले, दोडका, काकडी यांच्या कोवळ्या फळांत अंडी घालते. अळ्या आतला गर खातात आणि पूर्ण वाढल्यावर फळातून बाहेर पडून जमिनीत काही सेंटिमीटर खोल कोष करतात. येथे वेल फारसा दोषी नसतो; दोषी असते ते खाली पडून सडणारे फळ आणि त्याखालची माती. अशी फळे उकिरड्यावर टाकल्यास अळ्यांना कोष करण्यास आयती जागा मिळते. ती वेचून दोन फूट खोल पुरावीत, किंवा तोंड घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काही दिवस कडक उन्हात ठेवावीत. वेलाखालची माती वरवर उकरून उघडी केली म्हणजे कोष उन्हाने सुकतात आणि साळुंक्या व इतर पक्षी ते टिपून खातात.

तिसरे उदाहरण सर्वांत चिवट आहे. वांगे, टोमॅटो, भेंडी यांची मुळे उपटल्यावर त्यांवर गाठी दिसल्या, तर त्या सूत्रकृमींच्या असतात. हे डोळ्यांना न दिसणारे कृमी मुळांत शिरून राहतात व त्यांची अंडी मातीत उरतात. त्याचप्रमाणे वांगी-टोमॅटोचे झाड हिरवेच असताना एकाएकी मान टाकत असेल, तर तो जिवाणूजन्य मर रोग असण्याचा संभव असतो. त्याचे जिवाणूही मातीत दीर्घकाळ टिकतात. अशी झाडे मुळांसकट काढावीत आणि खतात कदापि घालू नयेत. उघड्यावर कचरा जाळण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे ती बागेपासून दूर खोल पुरणे हाच योग्य मार्ग होय. त्या वाफ्यात वांगे, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काहीही त्या हिवाळ्यात लावू नये, कारण ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत. जिवाणूजन्य मर झालेल्या जागी कोबी, पालक किंवा मेथी घ्यावी. सूत्रकृमींच्या गाठी आढळलेल्या जागी झेंडू दाट लावावा. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात. पुढे मे महिन्यात तो वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार ते सहा आठवडे अंथरला, तर मातीचा वरचा थर इतका तापतो की पुष्कळसे सूत्रकृमी व रोगजंतू नष्ट होतात. एरवी नकोसा वाटणारा रायपूरचा उन्हाळा येथे उपयोगी पडतो.

चवळी, गवार यांसारखी शेंगांची झाडे निरोगी असतील तर ती उपटू नयेत; जमिनीलगत कापून मुळे आत राहू द्यावीत. या मुळांवरील गाठी रोगाच्या नसून त्यांत हवेतील नायट्रोजन पकडणारे उपयुक्त जिवाणू राहतात. पिकलेल्या झाडातील बराचसा नायट्रोजन दाण्यांत गेलेला असतो, हे खरे; तरीही मुळे कुजून जमिनीत हवेच्या व पाण्याच्या वाटा तयार होतात, हा लाभ लहान नव्हे.

पाचोळ्याचे खत

निरोगी अवशेषांचे खत करण्याची शास्त्रीय पद्धत भारतातच सिद्ध झाली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संस्थेत काम करीत असताना ही पद्धत बसविली आणि 1931 साली यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर ओळखली जाते. तिचे तत्त्व सोपे आहे. कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांस कार्बन व नायट्रोजन सुमारे तिसास एक या प्रमाणात मिळाले, ओल बेताची असली आणि हवा खेळती राहिली, तर ढीग स्वतःच्याच उष्णतेने 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. हिरवे वेल व शेण यांत नायट्रोजन अधिक, तर वाळका पाचोळा व भाताचा पेंढा यांत कार्बन अधिक असतो. म्हणून त्यांचे थर आलटून पालटून द्यावे लागतात. ढीग लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंनी किमान एक मीटर असावा. त्याहून लहान ढिगातील उष्णता बाहेर निघून जाते आणि तणांचे बी जिवंत राहते.

ज्यांना ढीग वरचेवर उलटणे शक्य नसते त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या हौदाची पद्धत शोधली. भिंतींत ठेवलेल्या भोकांतून हवा आत जाते व साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होते. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरात रचलेल्या ढिगाचे खत अर्थातच या हिवाळ्याच्या पेरणीस मिळत नाही. ते जानेवारी-फेब्रुवारीत लावल्या जाणाऱ्या उन्हाळी भाज्यांच्या उपयोगी पडते. हिवाळी वाफ्यांस मागील ढिगाचे मुरलेले खतच घालावे. अर्धकच्चे खत घातल्यास सूक्ष्म जीव मातीतील नायट्रोजन स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपे पिवळी राहतात.

बियांची निवड

वेल काढण्यापूर्वी बियांचा विचार करावा. मांडवावर शेवटी उरलेले फळ बियांसाठी ठेवण्याची प्रथा पुष्कळ घरांत असते. ती इष्ट नाही. निरोगी वेलावरील, हंगामाच्या भरात धरलेले एक सुडौल फळ आधीच सुतळी बांधून राखून ठेवावे. दुध्या व दोडका वेलावरच वाळू द्यावेत. हलविल्यावर आत बिया खुळखुळल्या म्हणजे ते तयार झाले. संकरित बियाण्यापासून आलेल्या झाडाचे बी ठेवू नये, कारण त्याची संतती एकसारखी निपजत नाही.

बियांचा मोठा शत्रू म्हणजे ओल. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांच्या प्रसिद्ध नियमाप्रमाणे बियांतील पाण्याचे प्रमाण एक टक्क्याने घटले की त्यांचे आयुष्य साधारणतः दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरविले तरी परिणाम तोच. म्हणून ऑक्टोबरच्या सकाळच्या कोवळ्या उन्हात बी सावकाश सुकवावे, राखेत घोळावे आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत, नाव व वर्ष लिहून, घरातील थंड जागी ठेवावे.

घरोघर जपलेल्या अशा बियांचे मोल रायपुरास विशेष ठाऊक आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. राधेलाल रिछारिया यांनी छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांतून भाताच्या हजारो देशी जाती गोळा केल्या. 1987 साली स्थापन झालेल्या येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात आज भाताचे वीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. तो संग्रह शक्य झाला, कारण अगणित शेतकरी कुटुंबांनी दरवर्षी पुढील पेरणीचे बी बाजूला काढून ठेवले होते. परसातील दोडक्याचे बी ठेवणारी गृहिणी त्याच परंपरेतले काम करीत असते.

माती आणि वाफसा

छत्तीसगढच्या मैदानातील मातीचे लोकांनी केलेले वर्गीकरण मोठे मार्मिक आहे. मुरमाड व उथळ ती भाटा, पिवळसर व हलकी ती मटासी, मध्यम ती डोरसा आणि काळी, चिकण ती कन्हार. भाटा व मटासी लवकर सुकतात. कन्हार ओल धरून ठेवते, पण ओली असताना खणल्यास तिची ढेकळे विटेसारखी कठीण होतात व पुरती वाळल्यावर तिला भेगा पडतात. म्हणून वाफसा साधणे महत्त्वाचे. मूठभर माती दाबून तिचा गोळा करावा व तो कमरेच्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटून माती मोकळी झाली तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटला तर आणखी काही दिवस थांबावे.

पाऊस परतल्यानंतर जमिनीतील ओल हीच ठेव असते. वाफे तयार करून रोपे लावताच त्यांच्यामधील जागेवर भाताचा पेंढा पसरावा. छत्तीसगढीत यास ‘पैरा’ म्हणतात व भातकापणीनंतर तो मुबलक मिळतो. पेंढ्याने बाष्पीभवन मंदावते आणि तण दबतो. तो मातीत मिसळू नये. पृष्ठभागावरच राहू द्यावा. फुलकोबी, पत्ताकोबी व टोमॅटो यांची रोपे चार-पाच आठवड्यांची व्हावी लागतात. म्हणून त्यांचे बी सप्टेंबरातच उंच गादीवाफ्यावर टाकलेले असावे, म्हणजे जुनी जागा रिकामी होताच रोपे हाताशी असतात. मेथी, पालक, मुळा व कोथिंबीर थेट वाफ्यातच पेरावीत.

शेवटी मांडवाचे बांबू सोडवून उन्हात वाळवावेत आणि वाळवी लागू नये म्हणून जमिनीपासून उंच ठेवावेत. खुरपी, कुदळ यांना चिकटलेली माती धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवावा. रोगट वाफ्यातील माती अवजारांबरोबर निरोगी वाफ्यात जाते, हे विसरू नये.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

1. साठविलेल्या बियांतून 100 बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा. फडके सुकू देऊ नका. आठ-दहा दिवसांनी अंकुरलेल्या बिया मोजा. हीच त्या बियांची उगवणशक्ती.

2. मान टाकलेल्या टोमॅटोच्या खोडाचा बुंध्याकडील तुकडा कापून त्याचे टोक स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरा. काही मिनिटांत दुधट धार उतरू लागली तर रोग जिवाणूजन्य आहे.

3. वाढत्या, हिरव्या चवळीच्या मुळावरील गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी रंग दिसला तर ती नायट्रोजन पकडण्याचे काम करीत आहे. सूत्रकृमीची गाठ मिळाल्यास तिच्याशी तुलना करा : चवळीची गाठ मुळाच्या बाजूस चिकटलेली असून सहज सुटते; सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते.

4. खताच्या ढिगात रोज ठरावीक वेळी तापमापक खुपसून दोन आठवडे नोंद करा आणि आलेख काढा. ढीग उलटल्यानंतर तापमान पुन्हा का चढते, याचे कारण लिहा.